डिझेलमधलं पाणी

आम्ही शिवडीच्या बचत गटातून बोलतोय. गटाने कर्ज काढून डिझेलचा टेम्पो घेतला. मागच्या पावसाळ्यात भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणताना तो वाटेतच बंद पडला. मासळी गेली, हप्ता लांबला. मेकॅनिकने फिल्टर खोलला, तर तळाशी पाणी!

हे पाणी येतं कुठून? टाकी अर्धी रिकामी असली की आतल्या हवेतली वाफ रात्री थंड होऊन पाणी होते. झाकण सैल असेल तर पाऊसही शिरतो. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं. इंजेक्टरपर्यंत पोचलं की गंज धरतो, आणि तो खर्च मोठा.

यावर उपाय म्हणजे पाणी वेगळं करणारा फिल्टर, वॉटर सेपरेटर. बऱ्याच नव्या गाड्यांत तो असतोच, आधी बघा. नसेल तर गाडीचं मॉडेल सांगून, पुस्तिकेप्रमाणेच घ्या. खाली पाणी सोडायचा स्क्रू हवाच.

तो टाकी आणि पंपाच्या मध्ये बसतो. काम इंजिन थंड असताना करायचं. फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे, क्लिपा घट्ट. हातपंपाने हवा काढा, नाहीतर गाडी सुरू होत नाही. मग गळती तपासा.

पावसाळ्यात दर आठवड्याला, गाडी सुरू करण्याआधी, स्क्रू सैल करून थोडं बाटलीत घ्या. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडा. गटारात मात्र ओतू नका. आमच्या खाडीत फ्लेमिंगो चरतात, तुमच्याकडे विहिरी आहेत. ते मेकॅनिककडे द्या.

ट्रॅक्टरलाही हेच लागू. आम्ही आता हप्त्याच्या वहीतच फिल्टरची तारीख लिहितो. तुम्हीही लिहा.