त्रैक्याचा वाद आणि मार्गदाता बुद्ध

मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागात बौद्ध आणि ख्रिस्ती वस्त्या एकमेकींपासून फार दूर नाहीत. ख्रिस्ती शेजारी पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तिघांच्या नावाने प्रार्थना करतात, तेव्हा 'यांचे देव तीन की एक?' असा प्रश्न आपल्या उपासकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर त्यांच्या ग्रंथकारांना न्याय देऊनच समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

त्रैक्य म्हणजे तीन देव नव्हेत. ईश्वरतत्त्व एक आणि व्यक्ती तीन, असा तो सिद्धान्त आहे. तो एका दिवसात ठरला नाही. अलेक्झांड्रिया येथील धर्मोपदेशक एरियस म्हणे की, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला आहे, म्हणून तो पित्याच्या बरोबरीचा नव्हे. सम्राट कॉन्स्टंटाईनने इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे बोलाविलेल्या परिषदेने हे मत त्याज्य ठरवून पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे घोषित केले. पुढे ४५१ मध्ये काल्सेदोन येथील परिषदेने येशू पूर्ण ईश्वर आणि पूर्ण मनुष्य असल्याचा निर्णय दिला. या आग्रहाचे कारण उघड आहे. येशू हा तारणारा आहे. आणि जो स्वतः निर्मित आहे तो इतरांस कसा तारील, असा एरियसच्या विरोधकांचा युक्तिवाद होता.

मराठी मनालाही हा वाद अपरिचित नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तरीही त्रैक्य आणि येशूचे ईश्वरत्व यांविषयी त्यांनी सिस्टर जेराल्डिन व डोरोथिया बील यांच्याशी पत्रांतून निर्भीड वाद केला. केवळ चर्च सांगते म्हणून एखादे मत स्वीकारणे त्यांना मान्य नव्हते. पुढे त्यांची ख्रिस्तनिष्ठा दृढ झाली आणि त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे, हेच यातून दिसते.

आपल्या परंपरेतही असा प्रसंग आला होता. भगवान मनुष्यलोकात राहिलेच नाहीत, असे मानणारा एक पक्ष होता. अट्ठकथा त्यास वेतुल्यक म्हणते. 'कथावत्थु'च्या अठराव्या वग्गात थेरवाद्यांनी या मताचे खंडन केले आहे. लुंबिनीत जन्म, बोधिवृक्षाखाली संबोधी, वाराणसीत धम्मचक्कप्पवत्तन आणि कुसिनारात परिनिब्बान, ही त्यांची प्रमाणे होत.

बुद्ध मनुष्य असल्याने धम्मास उणेपणा येत नाही, कारण येथे कोणी कोणास तारावयाचे नाही. बुद्ध मार्गदाता आहेत, मोक्षदाता नव्हेत, हे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात स्पष्ट केले आहे. म्हणूनच विहारात बुद्धमूर्तीपुढे वा बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे कोणी गाऱ्हाणे घालू लागला, नवस बोलू लागला, तर तो नकळत मार्गदात्याला मोक्षदाता करीत असतो. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा आदर राखावा. परंतु आपण वंदन कोणास आणि कशासाठी करतो, याचे भान सुटू देऊ नये.