वंशावळ शोधताना

‘तुमचे मूळ गाव कोणते?’ हा प्रश्न आपल्या कॉलेजात पहिल्या आठवड्यातच विचारला जातो. पिंपरीला 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, 1962 मध्ये एम.आय.डी.सी. स्थापन झाली, आणि तेव्हापासून कोकणातून, मराठवाड्यातून, थेट विदर्भातून माणसे इकडे येतच राहिली. गाव सगळ्यांना सांगता येते. पणजोबांचे नाव विचारले, की मात्र बहुतेकजण एकमेकांकडे पाहू लागतात. मीही त्यांतलाच होतो. आमचे गाव तर काही लांब नाही, चाकणच्या पलीकडे, खेड तालुक्यात.

2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि गावोगाव जुनी दप्तरे सोडली गेली. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच, त्यामुळे वडिलांनी सरळ सांगितले, “तू शिकलाईस, तूच बघ.” दाखल्याचे काय व्हायचे ते होवो, त्या निमित्ताने मी जे शिकलो ते येथे मांडतो.

सुरुवात घरातून करावी. म्हाताऱ्या माणसाला ‘आपली वंशावळ सांगा’ म्हटले तर ते गोंधळते. ‘अमक्या दुष्काळात घरात कोण कोण होते’ असे विचारले तर नावे आपोआप येतात. मग सातबारा. सातबाऱ्यावर फेरफाराचे क्रमांक असतात, वाचणारे सहसा त्यांच्याकडे बघत नाहीत. खरा इतिहास तेथे आहे. मुंबई इलाख्यात 1903 च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली. तेव्हापासून खातेदार मेला, की ‘मयत अमका, वारस तमका’ अशी नोंद फेरफाराच्या वहीत होते. एका फेरफारावरून मागच्या फेरफारावर, असे करीत जिना उतरल्यासारखे आपण एकेक पिढी खाली जातो. मध्येच पायरी मोडते ती एकत्रीकरण योजनेपाशी, कारण तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. दोन्हींचा मेळ घालणारा तक्ता मिळाला नाही, तर माणूस दुसऱ्याच्याच आजोबांना आपले समजून घरी येतो!

जमीन नसलेल्याने काय करावे? त्याच्यासाठी शाळेचे जनरल रजिस्टर आहे आणि कोतवाल बुक आहे. कोतवाल बुक म्हणजे जुना गाव नमुना नंबर 14. त्यात गावातले जन्म-मृत्यू लिहिलेले असतात. यांतील जुनी पाने पुष्कळदा मोडीत असतात. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढतो आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातो. शब्द तोडत नाही, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा करीत नाही. मला दोन महिन्यांत जेमतेम नावे लागू लागली. ‘अमका बिन तमका’ यातील ‘बिन’ म्हणजे मुलगा, ‘वल्द’ म्हणजेही मुलगाच. दोन्ही शब्द अरबी. आडनाव कित्येकदा नसतेच.

सरकारी दप्तराबाहेरही वंशावळी आहेत. नाशिकचे आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये गाव आणि आडनावावरून वह्या ठेवतात; यजमान आला की त्याच्या घरची नावे त्यात चढतात. आमच्या वर्गातला एकजण कोल्हापूरकडचा आहे. त्यांच्या गावी हेळवी येतात, कुळाची नावे तोंडाने म्हणून दाखवतात, धान्य घेतात आणि पुढल्या घरी जातात. हे ऐकून मला त्याचा हेवा वाटला.

कागद जळला तर काय होते, हे आयर्लंडने पाहिले. सतराव्या शतकात स्कॉटलंडमधून कित्येक कुटुंबे आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात गेली आणि अठराव्या शतकात त्यांतलीच पुष्कळ अमेरिकेला. आज त्यांचे वंशज मूळ शोधत उलटे येतात, तेव्हा डब्लिनपाशी अडतात, कारण 1922 च्या यादवीत तेथील अभिलेखागार जळाले आणि त्यात जुन्या शिरगणतीच्या पुष्कळ नोंदी गेल्या. मग त्यांना आधार उरतो तो 1847 ते 1864 दरम्यानच्या ग्रिफिथच्या जमीन-आकारणीचा. म्हणजे तेथेही शेवटी सातबाराच!

सरकारने आमच्या पूर्वजांची नावे लिहिली ती सारा कोणाकडून घ्यायचा हे कळावे म्हणून. त्यामुळे कागदावर बापे दिसतात, बाया दिसत नाहीत. मला एकच दिसली. माझे पणजोबा 1961 साली वारले. फेरफारात वारस म्हणून दोन मुलगे, आणि इतर हक्कात एक मुलगी. आजोबांना बहीण होती, हे मी एकोणीस वर्षांत कधी ऐकले नव्हते. दोनच वर्षांनी पुढचा फेरफार आहे: तिने हक्क सोडला, सबब नाव कमी केले. जुन्या सातबाऱ्यावर तिच्या नावाला कंस आहे.

आजीला विचारले. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, “बैलगाडी धाडून बोलावून आणली तिला. लुगडं नेसवलं, पुरणाचं जेवण केलं, आन् अंगठा घेतला. कशाचा घेतला ते तिला मागनं कळलं. मग नाय आली ती. तिचं नाव काढायची चाल नव्हती या घरात.”

1956 च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या मिळकतीत मुलीला वाटा दिला, हे मी राज्यशास्त्राच्या पेपरात लिहून आलो आहे. त्या वाट्याचे पुढे काय होते, ते आमच्याच घरात होते. जमीनही आता राहिली नाही. तिच्यावर कारखान्याची भिंत आहे.

या वैशाखात आजोबांच्या विधीसाठी आम्ही त्र्यंबकेश्वरला गेलो. गुरुजींनी गाव विचारून वही काढली. पणजोबांचे नाव निघाले. खाली आमच्या घरातली नावे घालायची होती. माझे अक्षर बरे म्हणून लेखणी माझ्याकडे आली. आजोबा, त्यांचे बंधू, आणि तिसरे नाव मी तिचे लिहिले. वडिलांनी ते वाचले आणि वही गुरुजींकडे दिली. परत येताना नारायणगावच्या स्टँडवर एस.टी. थांबली, तेव्हा खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारले, “तिचं सासर जुन्नरकडं कुठलं म्हणाली आजी?”