घोड्यावरील स्वार कोठें आहे?

चित्रांतला घोडा खऱ्या घोड्यासारखा दिसत नाहीं, ही तक्रार सुशिक्षित घरांतहि वारंवार ऐकूं येते. मकबूल फिदा हुसेन यांच्या चित्रांविषयीं तर ती हमखास होते. मान मागें झुगारलेली, जबडा वासलेला, पायांखालीं जमिनीचा पत्ता नाहीं. असा घोडा कोणी पाहिला आहे, असें विचारलें जातें.

धाराशिव जिल्ह्यांतील गृहस्थानें मात्र हा प्रश्न विचारण्यापूर्वीं आपल्या देव्हाऱ्याकडे एकवार पाहावें. वर्षांतील कांहीं काळ अणदुरास व कांहीं काळ नळदुर्गास राहणारा खंडोबा ज्यांचें कुलदैवत, त्यांच्या घरीं देवाचा टांक असतो. त्यावर बहुधा स्वार थोरला आणि घोडा धाकटा, जणूं शिंगरूंच! हें प्रमाण सृष्टींत सांपडावयाचें नाहीं. कारागिरानें तें महत्त्वाच्या मापानें मोजलेलें आहे. शिवाय हा घोडा म्हणजे नुसतें वाहन नव्हे. मणि दैत्यानें मरतेवेळीं शरण येऊन आपला पांढरा घोडा देवास अर्पण केला, अशी कथा आहे. जिंकलेल्या शत्रूचें बळ येथें देवाच्या मांडीखालीं आलें आहे. म्हणून स्वार हाच त्या प्रतिमेचा प्राण होय.

मोहरमाच्या मिरवणुकींतील घोड्याचा अर्थ नेमका उलट. त्याची पाठ रिकामी असते. इ. स. ६८० मध्यें कर्बलेच्या रणांत इमाम हुसेन पडले, त्यानंतर स्वारावांचून परतलेल्या घोड्याची ती आठवण. रिकामें खोगीर हेंच तेथें शोकाचें चिन्ह.

चित्रकार हुसेन १९१५ सालीं शेजारच्या सोलापूर जिल्ह्यांत, पंढरपुरास जन्मले. बालपण इंदुरास गेलें. मोहरमांतील घोडा त्यांच्या लहानपणच्या आठवणींतला. पुढें १९५२ सालीं चीनच्या प्रवासांत थांग काळांतील मातीचे घोडे त्यांच्या पाहण्यांत आले. या साऱ्यांची छाया त्यांच्या रेषेवर आहे. परंतु त्यांच्या अनेक घोड्यांवर स्वार नाहीं, तसें खोगीरहि नाहीं. तेव्हां त्यांत खंडोबा शोधणें व्यर्थ, आणि कर्बलेची कथा जशीच्या तशी चिकटविणें हीहि घाईच. खोगीर असतें तर स्वार हरपला असें म्हणतां आलें असतें; येथें तो कधीं नव्हताच. उरतें तें कोणाच्याहि मांडीखालीं न आलेलें बळ. मान पुष्कळदां मागें वळलेली असते. ती भयानें वळली कीं मस्तीनें, हें त्या त्या चित्रांतील रेषेवरून ठरवावयाचें. दोन्ही तऱ्हेचे घोडे त्यांनीं काढले आहेत.