कलशातील आठवी नदी

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस श्रीगणेशाच्या पूजेस आरंभ होतो, तेव्हा प्रथम कलशपूजन केले जाते. पुरोहित कलशावर उजवा हात ठेवून गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी या सात नद्यांना आवाहन करतात आणि ताम्रकलशातील त्या ओंजळभर पाण्यात अवघा भारतवर्ष एकवटतो. भावाच्या दृष्टीने हे सत्यच आहे. परंतु भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकातील एखाद्या सहनिवासात ज्या पाण्याने तो कलश भरलेला असतो, ते पाणी या सातांपैकी एकीचेही नसते. ते असते आठव्या नदीचे, उल्हासचे. जिला आपण कधी आवाहन केले नाही, जिचे नाव पूजेच्या पोथीत नाही, ती नदी बारा महिने नळावाटे आपल्या घरी येते. आपण तिला पितो, तिनेच देवाला स्नान घालतो आणि तिलाच तीर्थ म्हणून लेकराबाळांच्या तळहातावर देतो. तिची ओळख करून घेण्यास गणेशोत्सवाहून चांगला मुहूर्त कोणता?

इंद्रलोक हे नावही या विचारास साजेसे आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडळातील बत्तिसाव्या सूक्तात इंद्राने वृत्रास मारून अडवलेले पाणी मोकळे केल्याचे वर्णन आहे. तो वृत्र पाणी रोखून धरणारा होता. सर्वांस दिसणारा होता. आजचा वृत्र पाणी रोखत नाही, तो पाण्यात शिरून बसतो आणि डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याच्याशी लढण्याची रीतही निराळी आहे.

नदी दोनदा भेटते

सह्याद्रीत राजमाचीच्या दऱ्यांतून निघालेली उल्हास कर्जत, नेरळ, बदलापूर अशी गावे पाहत कल्याणकडे येते आणि पुढे खाडीरूप होते. भाईंदर आणि नायगाव यांच्यामधून जाणारी वसईची खाडी ही याच नदीची समुद्राकडची वाट होय. म्हणजे या शहराला उल्हास दोनदा भेटते. एकदा खारी होऊन उत्तरेच्या खाडीतून आणि एकदा गोड होऊन नळातून. मीरा-भाईंदरची तहान मुख्यतः दोन संस्था भागवत आल्या आहेत: शहाड-टेमघरची ‘स्टेम’ आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ. स्टेमचे पाणी उल्हासचेच. महामंडळाचे बारवी धरणातील पाणीही बारवी नदीवाटे उल्हासलाच येऊन मिळते. १९८५ साली येथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ८,०९,३७८ इतकी मोजली गेली. एवढ्या लोकांचे पाणी पुरते व्हावे म्हणून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने डहाणूकडील सूर्या नदीवरून दररोज ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची प्रादेशिक योजना हाती घेतली. त्यातील २१८ दशलक्ष लिटर वाटा मीरा-भाईंदरसाठी ठेवला आहे. इंद्राच्या लोकात सूर्येचे पाणी यावे, हा योग मोठा गोड आहे.

पाणी कोठूनही येवो, त्याच्या वाटेवर माणसांची वस्ती असतेच. उल्हासच्या काठी गेल्या काही दशकांत मोठी नगरे वाढली. त्यांचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी नदीत मिसळते आणि जलपर्णीचा हिरवा थर तिच्यावर पसरतो, हे वृत्तपत्राच्या वाचकांस नवे नाही. पावसाळ्यात तर डोंगरावरची माती, शेतातील शेणखत आणि गावोगावचे ओढे तिच्यात उतरतात. असे पाणी नळास येण्याआधी त्यावर संस्कार करावेच लागतात.

नामाने पाणी निवळत नाही

हे संस्कार आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचेचाळिसाव्या अध्यायात, गढूळ पाणी निवळण्याची सात साधने सांगितली आहेत. त्यांत निवळीचे बी, म्हणजे संस्कृतातील कतक, अग्रस्थानी आहे आणि वस्त्रगाळही आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात याच निवळीचा एक मार्मिक दृष्टांत येतो. निवळीचे फळ पाणी स्वच्छ करते हे खरे; पण केवळ त्या फळाचे नाव घेतल्याने काही पाणी निवळत नाही, असा त्याचा आशय आहे. धर्माच्या बाह्य चिन्हांविषयी दिलेला हा दृष्टांत पाण्याच्या बाबतीत तर शब्दशः लागू पडतो.

आजच्या जलशुद्धीकरण केंद्रात निवळीची जागा तुरटीने किंवा तशाच क्षारांनी घेतली आहे. त्यांच्या योगाने मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. मग पाणी वाळूच्या थरातून गाळले जाते आणि शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात. हा शेवटचा संस्कार सर्वांत महत्त्वाचा. क्लोरीन जंतूंना मारतो आणि थोडा शिल्लक राहून पुढील वाटेवर पाण्याची राखणही करतो. ‘आयएस १०५००’ या भारतीय मानकात (२०१२) ही शिल्लक लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावी असे म्हटले आहे. नळाच्या पाण्याला येणारा सौम्य उग्र वास अनेकांस आवडत नाही. वस्तुतः तो त्या राखणदाराच्या पावलांचा आवाज आहे. त्याच मानकात आणखी एक कठोर अट आहे. १०० मिलिलिटर पाण्यात ‘ई. कोलाय’ हा जंतू एकही सापडता कामा नये. हा जंतू माणसांच्या व जनावरांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात आढळला याचा अर्थ पाण्यास विष्ठेचा संपर्क झाला. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात भूमीवरील पाण्याच्या शुद्धतेची जी अट आहे, तीही हीच: त्यास अमेध्याचा संपर्क झालेला नसावा. शास्त्रकार आणि शास्त्रज्ञ येथे एकाच प्रश्नापाशी येऊन उभे राहतात.

स्वच्छ दिसणे आणि शुद्ध असणे

पाणी केंद्रातून शुद्ध निघाले तरी ते आपल्या कलशात शुद्धच पोचेल याची हमी नाही. त्याचे कारण वाटेत आहे. चोवीस तास भरलेल्या जलवाहिनीत दाब असतो. तिला भेग पडली तर आतले पाणी बाहेर येते, बाहेरचे आत शिरत नाही. परंतु जेथे पाणी ठरावीक वेळीच सोडले जाते, तेथे पुरवठा थांबताच वाहिनी रिकामी होते, दाब उतरतो आणि भेगेभोवती साचलेले गटाराचे पाणी आत ओढले जाते. खाडी आणि मिठागरे यांच्या शेजारच्या या सखल, खारट भूमीत लोखंडी नळ लवकर गंजतात. म्हणूनच पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे ते गढूळ किंवा दुर्गंधीयुक्त येत असेल, तर त्यास क्षुल्लक समजू नये. ते पाणी भरून न घेता त्या दिवशीच महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागास कळवावे.

यापेक्षाही घातक असते ते स्वच्छ दिसणारे दूषित पाणी. १९५५ च्या पुरानंतर दिल्लीत नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथे, जेथून शहराचे पाणी उचलले जात होते तेथवर, उलटे आले. अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढवला. त्यामुळे पटकी आणि विषमज्वर यांना आळा बसला. पण कावीळ मात्र सुटली. १९५५-५६ च्या त्या हिवाळ्यात सुमारे २९,००० लोक काविळीने आजारी पडले. पुढे १९८० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांच्या सहभागाने झालेल्या संशोधनात, जपून ठेवलेल्या रक्तद्रवाच्या तपासणीवरून, ही कावीळ तोवर ठाऊक असलेल्या प्रकारांतील नव्हती असे दिसून आले. तिला आज ‘हिपॅटायटिस ई’ म्हणतात. आपल्या इचलकरंजीत २०१२ साली याच काविळीने हजारो लोकांना गाठले. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ही कावीळ झाल्यास शंभरातील वीस ते पंचवीस स्त्रिया दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२५ च्या आरंभीच्या महिन्यांत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूस हातापायांतील शक्ती हरपणाऱ्या ‘जीबीएस’ विकाराचे दोनशेच्या वर रुग्ण आढळले, तेव्हाही संशयाची सुई पिण्याच्या पाण्याकडेच वळली होती.

तीर्थाच्या पळीचा येथे विचार करावा. नैवेद्याचे अन्न शिजलेले असते, मोदक वाफवलेले असतात. अग्नीने त्यांचे रक्षण केलेले असते. तीर्थ, पंचामृत आणि सरबत यांना मात्र अग्नीचा स्पर्श नसतो. पुन्हा ते एका पात्रातून शेकडो मुखांत जाते, आणि ते नाकारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. तीर्थ ग्रहण करताना आपण जो श्लोक म्हणतो, त्यात ते अकाली मृत्यू टाळणारे आणि सर्व व्याधींचा नाश करणारे म्हटले आहे. आरतीस आलेल्या गर्भवती सुनेच्या हातावर आपण ते देतो, ते याच विश्वासाने. त्या विश्वासास आपल्या आळसाने तडा जाऊ नये, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

शेवटचे शंभर हात

नदी शासनाच्या हाती आहे, केंद्र प्राधिकरणाच्या हाती आहे, रस्त्यातील वाहिनी महानगरपालिकेच्या हाती आहे. पण इमारतीच्या दारापासून कलशापर्यंतची शेवटची शंभर हातांची वाट सर्वस्वी आपल्या हाती आहे, आणि पुष्कळ घात तेथेच होतो. जमिनीखालील टाकीस तडा असेल आणि शेजारी मलटाकी किंवा तुंबलेले गटार असेल, तर पावसाळ्यात दोन्ही पाणी एक होण्यास वेळ लागत नाही. गच्चीवरील टाकीचे झाकण तुटलेले असेल, तर पाली, कबुतरे आणि त्यांची घाण यांना ते उघडे निमंत्रणच. टाकीत पाणी जितके अधिक वेळ राहते, तितका क्लोरीनचा राखणदार क्षीण होत जातो.

तेव्हा उत्सवाच्या मंडपाची वर्गणी ठरवताना टाक्यांच्या सफाईचीही वर्गणी ठरवावी. मूर्ती येण्यापूर्वी दोन्ही टाक्या उपसून, घासून, विरंजक चूर्णाच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, पाण्याने धुऊन घ्याव्यात आणि झाकणे घट्ट बसवावीत. ही पावडर ताजी व हवाबंद असावी. उघडी राहिल्यास तिचा प्रभाव ओसरतो. चांगल्या पावडरीचे सुमारे अडीच ग्रॅम १,००० लिटर स्वच्छ पाण्यास पुरतात. ती थोड्या पाण्यात कालवून, वरची निवळ तेवढी टाकीत घालावी आणि निदान अर्धा तास पाणी वापरू नये. शिल्लक क्लोरीन आहे की नाही, हे ‘ओटी’ चाचणीत पाण्यास येणाऱ्या पिवळ्या छटेवरून कळते. विष्ठेतील जंतूंची शंका असल्यास ‘एच टू एस’ची चाचणीबाटली मिळते; तीत पाणी भरून ठेवले आणि एकदोन दिवसांत ते काळे पडले, तर ते पिण्यास अयोग्य समजावे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. दारोदार फिरणारे विक्रेते पाण्यात लहानसे यंत्र बुडवून ‘टीडीएस’चा आकडा दाखवतात आणि गृहिणीस घाबरवतात. हा आकडा विरघळलेल्या क्षारांचा असतो. मानकाप्रमाणे तो लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असणे इष्ट. सह्याद्रीच्या काळ्या खडकातून आलेल्या नदीच्या पाण्यात क्षार मुळात थोडेच. कूपनलिकेचे वा टँकरचे पाणी मात्र खारट असू शकते, तेथे हे मोजमाप उपयोगी. परंतु जंतूंविषयी हा आकडा मौन पाळतो. आकडा लहान आणि पाणी विषारी, असेही होऊ शकते.

घरातील उपाय सोपा आहे. पाणी खळखळून उकळावे, उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तसेच ठेवावे, झाकून गार करावे. उकळलेले पाणी पूजेस चालेल का, असा प्रश्न वृद्ध मंडळी विचारतात. आचमनाचे पाणी उष्ण व फेसाळ नसावे, असे मनुस्मृतीचा दुसरा अध्याय सांगतो. उकळून निवलेले पाणी उष्ण राहत नाही. तरीही ज्यांच्या मनास ते रुचत नाही, त्यांनी देवास नेहमीच्या पाण्याने स्नान घालावे. पण मुखात जाणारे तीर्थ वेगळ्या पात्रात, उकळून गार केलेल्या पाण्याचे ठेवावे आणि देवापुढे अर्पण करून द्यावे. तांब्याच्या पात्रात १६ तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसाराचे जंतू नष्ट झाल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले आहे. तांबे उकळण्यास पूरक मानावे. पर्याय मानू नये. पंचामृत मात्र तांब्याच्या भांड्यात ठेवू नये, त्यातील दही कळकते, हे आपल्या आजीबाईंस ठाऊक होतेच. तीर्थात हात न बुडवता पळीनेच द्यावे, आणि सरबतात बाजारचा बर्फ घालू नये.

यंदा कलशावर हात ठेवून सात नद्यांची नावे घ्याल, तेव्हा मनातल्या मनात आठवी उल्हासही स्मरावी. सूर्येचे पाणी घरी येईल तेव्हा नववी सूर्या स्मरावी. आणि ते स्मरण नावापुरते राहू नये, टाकीच्या झाकणापर्यंत आणि चुलीवरच्या पातेल्यापर्यंत पोचावे. विघ्नहर्त्याने सर्वांच्या घरी निरामय तीर्थ नांदवावे, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.