शर्टाचे बटण आणि शरीरातला पंप

माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक आहेत. वय बासष्ट. मधुमेह वीस वर्षांचा, त्यात बोटांचे सांधे धरलेले. एका संध्याकाळी चहा घेताना ते हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘तुम्ही कविता लिहिता, म्हणून तुमच्यापाशी बोलतो. डॉक्टरांनी एक शस्त्रक्रिया सुचवलीय. आत पंप बसवतात, तो बोटांनी दाबायचा. मला शर्टाचं वरचं बटण लावता येत नाही, तो पंप मी कसा दाबू? टीव्हीसारखा रिमोट नसतो का हो त्याला?’’

मला हसू आले नाही. मी वाचले, डॉक्टर मित्रांना विचारले. जे कळले ते आज तुम्हाला सांगतो.

शिक्षकांचा आजार म्हणजे लिंगशैथिल्य. आपल्या बोलण्यात या आजाराला शिव्या भरपूर आहेत, साधे नाव मात्र नाही. ‘नामर्द’ हा शब्द आम्ही गल्लीत लहानपणीच ऐकला. ही रक्तवाहिन्यांची तक्रार असते, हे कोणी सांगितले नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून असे विषय मराठीत आणले. त्यापायी त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. इतक्या वर्षांनंतरही आपण कुजबुजतोच.

शिश्नात स्पंजासारख्या दोन लांबट पोकळ्या असतात. उत्तेजना आली की त्यांत रक्त भरते आणि तेथेच अडवले जाते. त्यातून ताठरता येते. मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू, प्रोस्टेटची शस्त्रक्रिया किंवा मणक्याची इजा यांमुळे रक्तवाहिन्या किंवा मज्जातंतू बिघडले की ही क्रिया अडते. मनावरचा ताणही कारण असू शकतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात झालेल्या पाहणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. चाळीस ते सत्तर वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्क्यांना ही तक्रार कमीअधिक प्रमाणात होती. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. येथल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, म्हणून त्या आधी तुंबतात. हृदयविकाराची पूर्वसूचना कधी कधी अशी मिळते. लाजेने ती दडवणे जिवावर बेतू शकते.

उपचारांची एक शिडी आहे. आधी साखर आणि रक्तदाब ताब्यात आणायचा, तंबाखू सोडायची. मग गोळ्या. सिल्डेनाफिलला अमेरिकेत १९९८ साली मान्यता मिळाली. छातीदुखीसाठी नायट्रेटची औषधे घेणाऱ्याने मात्र ती घेणे धोक्याचे असते, म्हणून दुकानातून परस्पर आणू नये. त्यानंतर निर्वात पंप आणि इंजेक्शने. यांपैकी काहीच लागू पडले नाही, तरच रोपणाचा विचार होतो. कारण त्या शस्त्रक्रियेत मूळच्या पोकळ्यांमध्ये नळ्या बसवतात. नंतर त्या काढल्या तरी नैसर्गिक ताठरता पूर्वीसारखी परत येत नाही.

ह्यूस्टनचे शल्यविशारद ब्रँटली स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली फुगवता येणाऱ्या रोपणाची माहिती जगापुढे ठेवली. आजचे तीन भागांचे साधन त्याच वाटेने आले आहे. शिश्नात दोन नळ्या, पोटाच्या खालच्या भागात मिठाच्या पाण्याची पिशवी आणि वृषणकोशात छोटा पंप. पंप अनेकदा दाबला की पाणी पिशवीतून नळ्यांत जाते. काम झाले की झडप दाबायची. पाणी परत पिशवीत. बाहेरून काही दिसत नाही. इच्छा, स्पर्शाची जाणीव आणि स्खलन या गोष्टी हे साधन देतही नाही आणि हिरावतही नाही. ते फक्त ताठरता देते.

म्हणजे साऱ्या रचनेची किल्ली बोटांत आहे. ज्यांना हे रोपण लागते, त्यांतल्या अनेकांची बोटेच दगा देतात. मधुमेहाने बधिर झालेली, संधिवाताने वाकलेली, पक्षाघाताने लुळी पडलेली. शिक्षकांचा प्रश्न असा अगदी मुळाशी जाणारा होता.

रिमोटची कल्पना नवी नाही. एका पद्धतीत आत विजेवर चालणारा सूक्ष्म पंप आणि बॅटरी बसवायची आणि बाहेरून बिनतारी संकेत द्यायचा. दुसरी पद्धत धातूची. निकेल आणि टायटॅनियमच्या ‘निटिनॉल’ या मिश्रधातूला आपला आकार आठवतो. ठरावीक उष्णता मिळाली की तो त्या आकारात परततो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉ. ब्रायन ले आणि सहकाऱ्यांनी अशा धातूचे रोपण तयार करून प्रयोगशाळेत तपासले. शरीराबाहेर एक कांडी धरायची. तिच्यातल्या चुंबकीय क्षेत्राने धातू शरीराच्या तापमानापेक्षा थोडा अधिक तापतो आणि ताठ होतो. बॅटरी नको, पाणी नको. लघवीवर ताबा ठेवणारी कृत्रिम झडपही अशीच हातपंपावर चालते. तिचा इलेक्ट्रॉनिक अवतार २०२२ साली फ्रान्समध्ये पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवला गेला. तरीही रुग्णांना आज सर्रास बसवली जाणारी शिश्नरोपणे हातानेच चालतात.

इतका उशीर का? शरीर म्हणजे खारे पाणी. ते रेडिओलहरी शोषून घेते आणि विजेच्या सुट्या भागांना गंजवते. बॅटरी संपली की पुन्हा शस्त्रक्रिया, आणि दर शस्त्रक्रियेला जंतुसंसर्गाचे भय. शिवाय यंत्र फुगलेल्या अवस्थेत अडकले तर हाताने सोडवण्याची सोय हवीच. आणि संकेत दुसऱ्या कोणी दिला तर? ही शंका पोकळ नाही. हृदयाला झटका देणाऱ्या यंत्राला जवळून रेडिओने परके आदेश देता येतात, हे अमेरिकी संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले. २०१७ साली तेथल्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांच्या आज्ञावलीत सुरक्षेसाठी दुरुस्ती सुचवावी लागली. शरीराच्या इतक्या खासगी जागी बसणाऱ्या यंत्राने फक्त आपल्या मालकाचेच ऐकले पाहिजे.

हे सारे मी शिक्षकांना सांगितले. ते थोडे हिरमुसले. मग मी दुसरी बाजू सांगितली. पंप नसलेली, हाताने वाकवायची आणि सरळ करायची अर्धताठर रोपणेही असतात. ती स्वस्त पडतात, बिघडतात कमी, आणि बोटांच्या चिमटीत जोर लागत नाही. मुंबईचे डॉ. रुपिन शहा यांनी असे एक रोपण भारतातच घडवले आहे. ते पूर्ण सैल पडत नाही, एवढी उणीव सोसावी लागते.

‘‘हे डॉक्टरांनी का नाही सांगितलं?’’ त्यांनी विचारले.

‘‘तुमची बोटं वळत नाहीत, हे तुम्ही त्यांना सांगितलं होतं का?’’

ते गप्प झाले. सांगितले नव्हते. बायकोलाही शस्त्रक्रियेबद्दल काही बोलले नव्हते.

पुढच्या वेळी ते दोघे मिळून गेले. डॉक्टरांनी आधी त्यांच्या हाती पंपाचा नमुना दिला आणि दाबून पाहायला सांगितले; मग बाईंकडे वळून विचारले, तुम्हाला काय वाटते? बाई म्हणाल्या, ‘‘आधी यांची साखर खाली आणा. घाई कुणाला आहे?’’ निर्णय अजून झालेला नाही. पण हे मला सांगताना मास्तरांचा आवाज हलका नव्हता, नेहमीचा वर्गातला होता.