वाण्याच्या यादीतलं मरण

मीठ, जिरे, वाटाणे, साखर, गूळ. वाण्याला द्यायच्या यादीतला हा तुकडा. काना, मात्रा, वेलांट्या काढून टाका आणि अक्षरं सलग मांडा: म ठ ज र व ट ण स ख र ग ळ. आता पहिलं, चौथं, सातवं अक्षर उचला: म, र, ण. मग तिसरं, पाचवं, सातवं: ज, व, ण. काढलेली मात्रा परत लावली की झालं 'जेवण'. दोन्ही शब्द एकाच 'ण'वर येऊन भेटतात, हे विशेष. आणि आठवं, दहावं, बारावं? स, र, ळ. जेवणातून सरळ मरण! तेही अवघ्या बारा अक्षरांत.

हा उद्योग मी केला तो आमच्या मजल्यावरच्या एका काकांसाठी. लिफ्टमध्ये भेटले, सत्यनारायणाला भेटले, दूधवाल्याची वाट बघताना भेटले, की त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "बायबलमध्ये सगळं भविष्य कोडमध्ये लिहून ठेवलंय. कॉम्प्युटरने सिद्ध केलंय, गणितज्ञांच्या मासिकात छापून आलंय." आणि लगेच पुढचं: "मग आपल्या ग्रंथांत किती असेल!" पहिल्या दहा वेळा मी हसून मान डोलावली. अकराव्या वेळी कागद-पेन घेऊन बसलो.

आधी मासिकाचं पाहू, कारण ती गोष्ट खरी आहे. १९९४ साली 'स्टॅटिस्टिकल सायन्स' या नावाजलेल्या नियतकालिकात डोरॉन विट्झटम, एलियाहू रिप्स आणि योआव रोझेनबर्ग यांचा एक लेख आला. हिब्रू बायबलच्या पहिल्या पुस्तकात, म्हणजे उत्पत्तीमध्ये, सारख्या अंतराने अक्षरं उचलली तर ३२ प्रसिद्ध रब्बींची, म्हणजे ज्यू धर्मगुरूंची, नावं आणि त्यांच्या जन्म-मृत्यूच्या तारखा एकमेकांजवळ सापडतात, आणि हे योगायोगाने घडण्याची शक्यता ०.००००१६ इतकीच आहे, असा त्यांचा दावा होता. संपादकांनी तो लेख सिद्धांत म्हणून नव्हे, वाचकांनी सोडवायचं कोडं म्हणून छापला. 'छापून आलंय' आणि 'सिद्ध झालंय' यांतला हा फरक काकांपर्यंत पोहोचलेला नाही.

खरा गाजावाजा झाला १९९७ मध्ये, मायकेल ड्रॉसनिन या अमेरिकन पत्रकाराच्या 'द बायबल कोड' या पुस्तकाने. इस्रायलचे पंतप्रधान यित्झाक राबिन यांची हत्या ४ नोव्हेंबर १९९५ला झाली. ती बायबलमध्ये लिहिलेली होती आणि आपण वर्षभर आधी पत्र पाठवून राबिन यांना सावध केलं होतं, असं ड्रॉसनिन सांगत. तोरा, म्हणजे बायबलची पहिली पाच पुस्तकं. त्यांतल्या ३,०४,८०५ अक्षरांत दर ४,७७२वं अक्षर उचललं की राबिन यांचं पूर्ण नाव मिळतं. त्या नावाला जे वाक्य छेदून जातं, त्याचा अर्थ ड्रॉसनिन यांनी 'मारेकरी हत्या करील' असा लावला. मूळ ठिकाणी ते वाक्य नकळत हातून माणूस मेलेल्याबद्दल आहे. अशा माणसाने कोणत्या शहरात आसरा घ्यावा, याचा तो नियम आहे.

आता थोडं गणित. हिब्रूत अक्षरं २२ आणि स्वर सहसा लिहीत नाहीत. म्हणजे मी यादीच्या मात्रा जशा पुसल्या तशा तिथे आधीच पुसलेल्या. कुठलाही चार अक्षरी शब्द घ्या. सुरुवात कुठूनही, उडी कितीही मोठी, दिशा सुलटी किंवा उलटी, एवढी मोकळीक घेतली तर तोरामध्ये तो शब्द बसू शकेल अशा जागा होतात जवळपास ३,१०० कोटी. चार अक्षरांच्या एकूण जुळण्या २,३४,२५६. सगळी अक्षरं सारख्याच प्रमाणात येतात असं धरलं तर तो शब्द निव्वळ योगायोगाने एक लाख तीस हजारांच्या आसपास वेळा सापडणार. सापडला नाही तरच नवल! आणि एकदा नाव सापडलं की त्याच्या आसपास 'युद्ध', 'आग', 'मृत्यू' हे लहान शब्द पावसाळ्यातल्या डासांसारखे घोंगावतातच.

ड्रॉसनिन यांना हा आक्षेप ठाऊक होता. त्यांनी 'न्यूजवीक'मधून टीकाकारांना आव्हान दिलं: 'मोबी डिक' या कादंबरीत एखाद्या पंतप्रधानाच्या हत्येचा संदेश काढून दाखवा, मग मी मानेन. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले ब्रेंडन मॅके यांनी तो काढून दाखवला. आणि पंतप्रधान कोण, तर इंदिरा गांधी! पाठोपाठ ट्रॉट्स्की, मार्टिन ल्यूथर किंग आणि खुद्द राबिनही सापडले. 'मोबी डिक' ही हर्मन मेलव्हिलची १८५१ सालची, देवमाशाच्या शिकारीवरची कादंबरी. तिला कुणी अपौरुषेय म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

"पण त्यांनी आधी सांगितलं होतं ना?" हा काकांचा हुकमी प्रश्न. सांगितलं होतं. पॅलेस्टिनींशी झालेल्या १९९३च्या ओस्लो करारानंतर राबिन यांच्या जिवाला धोका आहे हे कळायला मात्र कोड लागत नव्हता. आणि बाकीची भाकितं? १९९६चा अणुसंहार झाला नाही, तेव्हा 'लांबणीवर' हा शब्दही तिथेच सापडला. २००६ हे महायुद्धाच्या धोक्याचं वर्ष होतं, तेही येऊन गेलं. खुद्द रिप्स यांनी १९९७ मध्येच जाहीर केलं की ड्रॉसनिन यांच्या निष्कर्षांना आपला पाठिंबा नाही.

राहिलं रब्बींचं कोडं. इथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या मूळ यादीत वाटाणे शेवटी होते. ते मी जिऱ्यानंतर आणून ठेवले. त्याआधीच्या दोन याद्यांत धड काही निघालं नव्हतं, त्या मी तुम्हाला दाखवल्याच नाहीत. तुम्ही विचारलंही नाहीत. कोड सापडतो तो असा. मॅके, ड्रोर बार-नातान, माया बार-हिलेल आणि गिल कलाई यांनी १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात हेच दाखवून दिलं. एकेका रब्बीला अनेक नावं, उपाध्या आणि स्पेलिंगं असतात. तारीख लिहायच्याही अनेक तऱ्हा. त्यांतलं काय घ्यायचं आणि काय गाळायचं, यावर सगळा खेळ. तेवढीच मोकळीक घेऊन त्यांनी टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस'च्या हिब्रू अनुवादाची पहिली ७८,०६४ अक्षरं तपासली, म्हणजे बरोबर उत्पत्तीएवढी. तसाच चमत्कार तिथेही निघाला.

हा श्रद्धेवरचा हल्ला नव्हे. कोडविरोधी गणितज्ञांत बॅरी सायमन यांच्यासारखे कर्मठ ज्यू आहेत. ग्रंथ वाचण्यासाठी असतो, शब्दकोड्यासाठी नव्हे, असं मानणारा भाविकच अशा प्रकाराने जास्त दुखावतो.

आता काकांच्या दुसऱ्या वाक्याकडे, थोडक्यात.

गैरसमज: हनुमान चालिसात सूर्याचं अंतर दिलंय. वस्तुस्थिती: 'जुग सहस्र जोजन' या शब्दांवरून केलेला १२,००० गुणिले १,००० गुणिले आठ मैल हा हिशेब आठ मैलांच्या योजनावर उभा आहे. सूर्यसिद्धांत या जुन्या खगोलग्रंथात पृथ्वीचा व्यास १,६०० योजनं दिला आहे. प्रत्यक्ष व्यास १२,७४२ किलोमीटर, म्हणजे योजन झालं सुमारे आठ किलोमीटरचं. त्या मापाने सूर्य ९.६ कोटी किलोमीटरवर येतो. खरं सरासरी अंतर १४.९६ कोटी. उत्तर आधी ठरवून योजन निवडलं, एवढंच.

गैरसमज: भविष्य पुराणात इंग्रजांचं राज्य आधीच लिहिलं होतं. वस्तुस्थिती: तो भाग इंग्रजांचं राज्य आल्यावर घातलेला आहे, असं अभ्यासक मानतात. मुंबईच्या व्यंकटेश्वर छापखान्याची आवृत्ती १८९७ची आहे.

गैरसमज (हा परदेशातला): फ्रेंच भविष्यवेत्त्या नॉस्ट्राडेमसने हिटलरचं नाव लिहिलं. वस्तुस्थिती: त्याने 'हिस्टर' लिहिलं, ते डॅन्यूब नदीचं जुनं नाव. जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्यानंतर फिरलेल्या ओळी तर त्याच्या नव्हेतच. अशा भाकितांची टर उडवायला कॅनडातल्या एका विद्यार्थ्याने रचलेल्या त्या.

गैरसमज: मग आपल्याकडे कोड नव्हतेच. वस्तुस्थिती: होते, आणि उत्तम होते. कटपयादी पद्धतीत प्रत्येक व्यंजनाला अंक ठरलेला असतो आणि संख्या उजवीकडून वाचायची असते. कर्नाटक संगीतात २९व्या मेळाचं, म्हणजे मूळ रागाचं, नाव धीरशंकराभरण. ध म्हणजे ९, र म्हणजे २. उलटं वाचा, २९. आकडा जुळावा म्हणून 'धीर' मुद्दाम पुढे जोडलं, आणि हे कुणी लपवत नाही. इथे किल्ली आधी ठरते, मग कुलूप बनतं. बायबल कोडमध्ये घटना आधी घडते आणि तिला बसेल अशी किल्ली घासून घासून तयार होते.

हे सगळं मी काकांना समजावलं. यादी दाखवली, वाटाणे कसे सरकवले तेही सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून बारा अक्षरं बोटाने दोनदा मोजली आणि म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो. पण या महिन्यात वाटाणे नकाच आणू."

आणले. रविवारी उसळ केली आणि एक वाटी काकांकडेही पाठवली. संध्याकाळी वाटी धुऊन, चिमूटभर साखर घालून परत आली.