अनन्य प्रकार

अनन्य प्रकार ही फंक्शनल आज्ञावली भाषांमधील एक प्रकारव्यवस्था आहे. एखाद्या मूल्याकडे निर्देश करणारा संदर्भ एकच आहे, याची हमी आज्ञावली चालवण्यापूर्वीच मिळवून देणे हे तिचे कार्य होय. अशी हमी मिळाल्यास ते मूल्य स्मृतीत जागच्या जागी बदलता येते आणि तरीही भाषेची गणिती शुद्धता अबाधित राहते. नेदरलँड्समधील नाइमेखेन येथील विद्यापीठात विकसित झालेली क्लीन ही भाषा या व्यवस्थेचे परिचित उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

शुद्ध फंक्शनल भाषेत फलन हे गणितातील फलनाप्रमाणेच वागते. दिलेले मूल्य तेच असेल तर उत्तरही तेच येते. त्यामुळे एकदा निर्माण झालेले मूल्य पुढे बदलत नाही. दहा लाख घटकांच्या ॲरेमधील एकच घटक बदलायचा असला, तरी साध्या पद्धतीत संपूर्ण ॲरेची नवी प्रत करावी लागते. उलट, जागच्या जागी बदल केल्यास जुन्या ॲरेवर विसंबून असलेल्या आज्ञावलीच्या दुसऱ्या भागाला नकळत वेगळेच मूल्य मिळते. फाइलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण लिहून झाल्यावर फाइलीची पूर्वीची अवस्था शिल्लक राहत नाही.

कार्यपद्धती

जुने मूल्य पुन्हा कोणी वाचणारच नसेल, तर ते बदलल्याने कोणाचीही फसगत होत नाही, हे या व्यवस्थेचे मूलतत्त्व आहे. क्लीनमध्ये अनन्य प्रकार तारकाचिन्हाने दर्शवतात. अनन्य फाइलीत अक्षर लिहिणारे फलन जुनी फाइल स्वीकारते व नवी फाइल परत देते. पुढील लेखन या नव्या फाइलीवरच करावे लागते. जुन्या नावाने पुन्हा लिहिण्याचा प्रयत्न केल्यास कंपायलर ती आज्ञावली नाकारतो. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या उत्तरावर अवलंबून असल्याने क्रियांचा क्रमही आपोआप निश्चित होतो.

रेषीय प्रकारांशी संबंध

फ्रेंच तर्कशास्त्रज्ञ झाँ-इव्ह जिरार यांनी १९८७ मध्ये रेषीय तर्कशास्त्र मांडले. त्याच्या आधारे फिलिप वॉडलर यांनी १९९० मध्ये फंक्शनल भाषांसाठी रेषीय प्रकारांचा पुरस्कार केला. दोन्ही कल्पना जवळच्या असल्या तरी एक नव्हेत. अनन्य प्रकार भूतकाळाची ग्वाही देतो: या मूल्याचा आतापर्यंत दुसरा वाटेकरी झालेला नाही. रेषीय प्रकार भविष्याचे बंधन घालतो: यापुढे हे मूल्य नेमके एकदाच वापरले जाईल.

मर्यादा

अनन्य मूल्य पोटात घेतलेले फलनही एकदाच वापरता येते. अन्यथा त्या फलनामार्फत तेच मूल्य दोनदा हाती लागेल. या नियमामुळे फलनांनाच मूल्य मानणाऱ्या शैलीत प्रकारांची मांडणी गुंतागुंतीची होते.

इतर भाषा

हॅस्केल भाषेने अवस्थाबदलासाठी प्रामुख्याने मोनॅडचा मार्ग स्वीकारला. तिच्या जीएचसी या कंपायलरमध्ये २०२१ साली आलेल्या ९.० आवृत्तीपासून रेषीय प्रकारांची प्रायोगिक सोय आहे. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती निघालेली रस्ट ही शुद्ध फंक्शनल भाषा नाही. मात्र तिचे मालकीहक्काचे नियम याच विचारकुळातील आहेत.